नाव देवाचं, भाडं वर्षाचं

कोल्हापूरहून केर्ली ओलांडून वाडी रत्नागिरीच्या डोंगराला गाडी लागली की एकच नाव पाट्यापाट्यांवर वेगवेगळ्या रूपांत दिसायला लागतं. जोतिबा, ज्योतिबा, श्री ज्योतिर्लिंग, केदारनाथ, केदारलिंग. चहाच्या टपरीवर, गुलाल-खोबऱ्याच्या दुकानावर, वडापच्या काचेवर. इंग्रजी अक्षरांत तर आणखी गंमत. कुणी ‘जे-ओ’ लिहितो, कुणी मध्ये ‘वाय’ घालतो, कुणी ‘टी’पुढे ‘एच’ जोडतो. देवळात यानं काही बिघडत नाही. चांगभलं म्हणणाऱ्याला स्पेलिंगशी कर्तव्य नसतं. इंटरनेटवर मात्र एक अक्षर इकडचं तिकडे झालं की पत्ता बदलतो, आणि प्रत्येक पत्ता वेगळ्याच माणसाच्या नावावर असू शकतो.

असे पत्ते आधी घेऊन ठेवायचे आणि गरजवंत आला की चढ्या भावानं विकायचे, हा आता जगभर रुळलेला धंदा आहे. घरबसल्या कमाई शिकवणारे याला ‘डिजिटल प्लॉट’ म्हणतात. प्लॉटचं एकदा खरेदीखत झालं की तो तुमचा. डोमेन कधीच तुमचं होत नाही. डॉट कॉमची वही अमेरिकेतली व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते. सप्टेंबर २०२४ पासून ती एका नावामागे वर्षाला १०.२६ डॉलर घाऊक दर घेते. त्यावर विक्रेत्याचा नफा आणि आपल्याकडचा १८ टक्के जीएसटी चढतो. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचे पैसे भरता येतात, अकराव्या वर्षी पुन्हा खिशात हात. म्हणजे हे भाडंच, आणि ते थकलं की नाव जातं.

नाव कुणाला द्यायचं याचा नियम याहून साधा आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत सासनकाठ्या निघतात तेव्हा कुठली काठी पुढे आणि कुठली मागे हे मानानं ठरलेलं असतं. पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या पाडळीचा. कुणी रात्रीच डोंगरावर येऊन रांग धरली म्हणून तो मान त्याच्याकडे जात नाही. डोमेनच्या दुनियेत नेमकं उलटं चालतं. जो आधी अर्ज करील त्याचं नाव. तुमचा त्या नावाशी संबंध काय, हे नोंदणीच्या वेळी कुणी विचारतच नाही. भांडण झालं तरच तो प्रश्न निघतो.

सुरुवातीला या नावांना किंमतच नव्हती. १५ मार्च १९८५ रोजी पहिलं डॉट कॉम नोंदलं गेलं, सिम्बॉलिक्स नावाच्या संगणक कंपनीचं. सप्टेंबर १९९५ पर्यंत नोंदणी फुकट होती. १९९४ मध्ये जोशुआ क्विटनर या पत्रकारानं मॅकडोनाल्ड्स डॉट कॉम हे नाव स्वतःसाठी नोंदवलं आणि कंपनीला फोन करून विचारलं, तुम्हाला हे नको का? तिकडे कुणाला प्रश्नच कळेना. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका शाळेच्या संगणकांसाठी कंपनीनं पैसे दिले आणि नाव मिळवलं. पुढे पाचच वर्षांत वारं फिरलं. १९९७ मध्ये दीड लाख डॉलरला गेलेलं बिझनेस डॉट कॉम १९९९ मध्ये ७५ लाख डॉलरला विकलं गेलं. धर्मेश शाह या भारतीय वंशाच्या उद्योजकानं २०२३ मध्ये चॅट डॉट कॉम १ कोटी ५५ लाख डॉलरला घेतलं आणि पुढे ते ओपनएआयकडे गेलं. डोमेनच्या नादाला लागलेल्या प्रत्येक पोराला हे आकडे तोंडपाठ असतात.

महाराष्ट्रात या धंद्यात खरा पैसा कुणी केला हे बघायचं तर मुंबईला जावं लागतं. भाविन आणि दिव्यांक तुरखिया या दोन भावांनी १९९८ मध्ये वडिलांकडून २५ हजार रुपये घेऊन ‘डायरेक्टी’ सुरू केली, दोघंही तेव्हा विशीच्या आतले. वेबसाइटला जागा देणं, मग नावं विकणं, मग नावं विकणाऱ्यांना लागणारी यंत्रणा विकणं, असा त्यांचा प्रवास झाला. ‘स्केन्झो’ हा त्यांचा उद्योग तर पडून राहिलेल्या नावांवरच उभा होता. रिकाम्या डोमेनवर चुकूनमाकून कुणी आलं तर त्याला जाहिराती दाखवायच्या आणि त्याचे पैसे डोमेनवाल्याबरोबर वाटून घ्यायचे. धंद्यात याला ‘नाव पार्क करणं’ म्हणतात. बिगरॉक, रिसेलरक्लब वगैरे नोंदणीचे व्यवसाय त्यांनी २०१४ मध्ये एका अमेरिकी कंपनीला विकले. २०१६ मध्ये दिव्यांकची मीडिया डॉट नेट ही जाहिरात कंपनी ९० कोटी डॉलरला विकली गेली.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो ‘रॅडिक्स’चा डाव. २०१२ मध्ये आयकॅन या जागतिक संस्थेनं डॉट कॉमसारख्या नव्या शेपट्यांसाठी अर्ज मागवले, प्रत्येक अर्जाचं शुल्क १ लाख ८५ हजार डॉलर. तुरखियांच्या रॅडिक्सनं ३१ अर्ज केले. नुसत्या शुल्कातच ५७ लाख डॉलर गेले. त्यातून डॉट ऑनलाइन, डॉट स्टोअर, डॉट टेक, डॉट साइट अशा शेपट्या त्यांच्या हाती आल्या. आता जगात कुणीही डॉट स्टोअरवर नाव घेतलं की वर्षाच्या वर्षाला त्यांच्याकडे भाडं येतं, ते नाव पुढे विकलं जावो न जावो. नावं साठवणाऱ्याच्या आणि वही सांभाळणाऱ्याच्या कमाईत हा फरक आहे.

साठवणाऱ्याचं गणित कोल्हापूरच्या हिशेबात मांडून पाहू. समजा एखाद्यानं साज, गूळ, तांबडा रस्सा, चप्पल, जोतिबा, पन्हाळा अशा शब्दांची उलटसुलट जुळणी करून शंभर नावं घेतली. सरासरी हजार रुपये धरले तरी वर्षाला लाख रुपये भाडं. या धंद्यातलेच लोक मानतात की शंभर नावांपैकी वर्षाला एखाद-दुसरं विकलं जातं, तेही निवड चांगली असेल तर. म्हणजे जे एक विकलं जाईल त्याला लाखाच्या वर भाव आला पाहिजे, तेव्हा कुठे बरोबरी. मध्यस्थ संकेतस्थळाची दलाली वेगळी, आयकर वेगळा. आणि गुळाचा व्यापारी नावासाठी लाख रुपये का मोजेल? तो दोन अक्षरं जोडून पुढचं नाव हजारात घेईल, नाहीतर व्हॉट्सॲपवर धंदा करील. नवख्या माणसाचे पैसे इथेच अडकतात. मग दुसऱ्या वर्षी ‘एवढं थांबलो, आता सोडायचं कशाला’ म्हणून पुन्हा भाडं भरलं जातं.

म्हणून मोह होतो तो तयार नावांचा. दुसऱ्यानं नाव कमावलेलं असतं, आपण फक्त पत्ता धरून बसायचं. कायदा नेमका इथे आडवा येतो. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे ‘रेडिफ’ विरुद्ध ‘रॅडिफ’ असा खटला आला. इंग्रजीत एका अक्षराचा फरक. नाव आपल्याला कसं सुचलं याची फोड प्रतिवादीनं करून दाखवली, न्यायालयाला ती पटली नाही. डोमेन हा नुसता पत्ता नसून ट्रेडमार्कसारखंच संरक्षण मिळण्याजोगी मालमत्ता आहे, असं न्यायालयानं मानलं. जेआरडी टाटा आणि रतन टाटा यांच्या नावांची डोमेन घेऊन बसलेल्यालाही २००१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात हार पत्करावी लागली. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये ‘सत्यम इन्फोवे’ प्रकरणात या भूमिकेवर शिक्कामोर्तब केलं. डॉट कॉमच्या तंट्यांसाठी आयकॅनची पद्धत १९९९ पासून आहे, डॉट इनसाठी ‘निक्सी’ या आपल्या संस्थेची स्वतंत्र पद्धत आहे. दोन्हीकडे नुकसानभरपाई नाही. नाव रद्द होतं किंवा तक्रारदाराकडे जातं. ट्रेडमार्कवाल्यालाच जास्त दरानं विकायचं म्हणून नाव घेतलं होतं, हे दिसलं की ती लबाडी ठरते.

जिओ आणि हॉटस्टार एक होणार अशी कुणकुण लागल्यावर दोन्ही नावं जोडून घेतलेलं डोमेन २०२४ मध्ये दिल्लीच्या एका तरुणाकडे निघालं. त्यानं केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला. समाजमाध्यमांत त्याचं कौतुकच झालं. मला त्याची हुशारी दिसते, पण कायद्याच्या पुस्तकातलं ‘लबाडी’चं उदाहरण याहून नेमकं देता येणार नाही.

आता पुन्हा डोंगरावर येऊ. टाटा हे नाव टाटांनी कमावलं. जोतिबा हे नाव कुणी कमावलं? १७३० मध्ये आजचं देऊळ बांधणाऱ्या राणोजी शिंद्यांनी? गुरवांनी? खेट्यांच्या रविवारी कोल्हापुरातून अनवाणी चालत येणाऱ्यांनी? शिवाय हे नाव देवाजवळच थांबलेलं नाही. महात्मा फुल्यांचं नाव याच देवावरून ठेवलं असं चरित्रकार सांगतात. त्यांच्या नावाच्या शाळा, संस्था, योजना राज्यभर आहेत. जोतिबा डॉट काहीतरी यावर देवस्थानचा हक्क, की एखाद्या फुले अभ्यासकाचा, की जोतिबा पाटील नावाच्या माणसाच्या ट्रॅक्टर दुकानाचा? उत्तर असं आहे, की तिघांचाही सारखाच. २०१५ मध्ये ‘रामायण’ हे नाव अगरबत्तीसाठी ट्रेडमार्क म्हणून मागणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयानं नकार दिला. धर्मग्रंथाचं नाव एकट्याच्या मक्त्यात जाऊ शकत नाही, असं सांगितलं. देवाच्या नावाचा मक्ता मिळवणंही याच न्यायानं अवघड, आणि मक्ता नसेल तर दुसऱ्याचं डोमेन काढून घेणं त्याहून अवघड.

गावाच्या नावाचंही तेच. बार्सिलोना डॉट कॉम हे नाव २००० मध्ये तंटा निवारणात शहराच्या महापालिकेला मिळालं, पण २००३ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयानं निकाल फिरवला. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी. २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या फॅशन शोत तशाच चपला दिसल्यावर हे मानांकन घरोघरी माहीत झालं. पण आयकॅनची पद्धत चालते ट्रेडमार्कवर, भौगोलिक मानांकनावर नाही. फ्रान्समधल्या शँपेन उत्पादकांची बलाढ्य संघटना २०११ मध्ये शँपेन डॉट को या नावासाठी भांडली आणि हरली. डॉट इनची नियमावली ‘नाव’ असाही शब्द वापरते, त्यामुळे तिथे कारागिरांना थोडी जास्त जागा आहे. पण उद्या कोल्हापुरी चपलेचं डॉट कॉम परदेशात कुणी धरून ठेवलं आणि चपलाच विकल्या, त्याही अस्सल, तर सुभाषनगरच्या कारागिराला हात चोळत बसावं लागेल.

या सगळ्यावर देवनागरी हा उतारा ठरेल असं २०१४ मध्ये वाटलं होतं. २७ ऑगस्ट २०१४ रोजी डॉट भारत सुरू झालं, मराठी, हिंदी, कोकणीसह देवनागरीतल्या आठ भाषांसाठी. जोतिबा आपल्या लिपीत लिहा, स्पेलिंगचा घोळच नको. पण यंत्राच्या पोटात अजूनही रोमन लिपीच चालते. ‘भारत’ हा शब्द तिथे ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ असा साठवला जातो. कित्येक अर्ज देवनागरी ईमेल नाकारतात. गुंतवणूकदार अशा नावांकडे फिरकत नाही, कारण गिऱ्हाईक नाही. त्यामुळे एका अर्थी चांगली मराठी नावं अजून मोकळी आहेत, भाव नसलेली. उलट रोमन लिपीतलं डॉट इन निक्सीनं २००५ मध्ये सर्वांना खुलं केलं तेव्हा आधीच्या बारा वर्षांत मिळून जेमतेम सात हजार नावं होती; आज ती चाळीस लाखांच्या वर गेली आहेत.

विक्रीसाठी धरलेलं नाव निदान निरुपद्रवी असतं. खरा त्रास फसवणुकीसाठी घेतलेल्या नावांचा. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं केदारनाथचं हेलिकॉप्टर, चारधामची निवासव्यवस्था अशा नावांनी चाललेल्या बनावट संकेतस्थळांबद्दल जाहीर इशारा दिला आणि फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर कळवायला सांगितलं. तो उत्तरेतला केदारनाथ, हा दख्खनचा. पद्धत कुठेही चालणारी आहे: देवाच्या नावापुढे ‘भक्त निवास’ किंवा ‘बुकिंग’ जोडायचं, हजार रुपयांत नाव घ्यायचं, फोटो खरे लावायचे आणि आगाऊ रक्कम यूपीआयवर मागायची. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग भागातली तीन हजारांवर देवळं आहेत. प्रत्येकाचं एकेक डोमेन घ्यायचं म्हटलं तरी वर्षाला तीस लाख, आणि तेवढ्यानं स्पेलिंगचे फाटे बंद होत नाहीतच. त्यापेक्षा एकच अधिकृत पत्ता डोंगरावरच्या प्रत्येक पाटीवर, पावतीवर, प्रसादाच्या पिशवीवर ठळक छापणं स्वस्त पडेल. शिर्डीच्या संस्थाननं डॉट ओआरजी डॉट इनवरचं ‘साई’ आणि सिद्धिविनायक न्यासानं डॉट ओआरजी असे एकेक अधिकृत पत्ते ठेवले आहेत.

रिझर्व्ह बँकेनं याच भीतीपोटी सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितलं. ही शेपटी बँकेशिवाय कुणाला मिळत नाही. सहकारी बँकाही त्यात आल्या, म्हणजे कोल्हापूर-इचलकरंजीकडच्या कित्येक. पाट्या बदलल्या, पासबुकं बदलतील. पण जुन्या नावांचं काय? ती ग्राहकांच्या मोबाइलमध्ये साठवलेली आहेत, गुगलवर आहेत, दहा वर्षांपूर्वीच्या कर्जपत्रांवर छापलेली आहेत. नाव बदललं म्हणून खर्च वाचवायला एखाद्या संचालकानं जुन्याचं भाडं बंद करायला सांगणं अगदी स्वाभाविक. मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी १९९९ च्या नाताळात पासपोर्ट डॉट कॉमचे पैसे भरायला विसरली होती. त्यावर अवलंबून असलेली हॉटमेल अडखळली, आणि एका प्रोग्रामरनं स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरून ते नाव जिवंत केलं. तो सज्जन होता. अशा सुटणाऱ्या नावांवर टपलेली यंत्रं आता रात्रंदिवस चालतात. डॉट कॉमची मुदत संपल्यावर जास्तीत जास्त ४५ दिवस विक्रेत्याकडे, मग ३० दिवस दंड भरून सोडवायचे, मग ५ दिवस कुणालाच हात लावता येत नाही. ८१ व्या दिवशी ते नाव जो आधी मागेल त्याचं.