इंजिन घ्यावं की नुसता कोड?

गेम बनवायचा म्हटलं की नवखा माणूस थेट युनिटी किंवा अनरियलसारखं तयार इंजिन डाउनलोड करतो. पण २०१६चा 'स्टारड्यू व्हॅली' एरिक बॅरोनने एकट्याने एक्सएनए या फ्रेमवर्कवर लिहिला आणि २०२४चा 'बलात्रो' लव्ह या छोट्या फ्रेमवर्कवर, लुआ भाषेत उभा राहिला. फ्रेमवर्क चित्र दाखवतं, आवाज वाजवतं, दाबलेलं बटण ओळखतं. बाकी सगळं तुमच्या कोडवर. 'बलात्रो'सारख्या पत्त्यांच्या खेळात खरी मेहनत नियमांची असते आणि नियम कोडमध्येच सुटसुटीत मांडता येतात. इंजिनातली थ्रीडी सामग्री तिथे अडगळच. यावर कुणी म्हणेल, फ्रेमवर्कला वाली कोण? मायक्रोसॉफ्टने एक्सएनए सोडून दिलंच ना! खरंय, पण त्याच रचनेवर मुक्तस्रोत मोनोगेम तयार झालं आणि 'स्टारड्यू' पुढे त्यावर हलवता आला. उलट २०२३ साली युनिटीने इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं, तेव्हा अनेकांच्या पोटात गोळा आला. (वर्षभराने ते मागे घेतलं, ही गोष्ट वेगळी.) दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: चित्रकार आणि लेव्हल रचणारे कोड लिहीत नाहीत, त्यांना डोळ्यांसमोर मांडामांड करणारा एडिटर लागतो. 'स्ले द स्पायर' हा गेम लिबजीडीएक्स या फ्रेमवर्कवर झाला, त्याचा दुसरा भाग मात्र गोडो इंजिनवर. थ्रीडी जग किंवा मोठी टीम असेल, तर इंजिन टाळण्याचा हट्ट मला तरी परवडणारा वाटत नाही.