संगणक बंद पडला, आता पाहायचे कोठे?

मुळशी तालुका म्हटला की जुन्या मंडळींना १९२१ चा सत्याग्रह आणि सेनापती बापट आठवतात. तरुणांना आठवते ती हिंजवडी. धरणाचे पाणी पश्चिमेला सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरते आणि १९२७ पासून तेथे वीज होते. पूर्वेच्या टोकाला, हिंजवडीत, संगणकाच्या कंपन्यांचे एक नगरच वसले आहे. पण संगणक आता हिंजवडीपुरता थोडाच राहिला आहे? पौडच्या कचेरीत तो आहे, ग्रामपंचायतीत आहे, पतपेढीत आहे, शाळेत आहे. आणि यंत्र आले की त्याचे बंद पडणेही ओघाने आलेच. अशा वेळी ज्या नवशिक्या मुलाला बोलावणे जाते, त्याच्यासाठी हे चार शब्द.

मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. त्याचा आणि संगणकाचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे. आपल्या नैयायिकांनी अन्वय आणि व्यतिरेक सांगितले. एक असते तेव्हा दुसरे असते. ते नसते तेव्हा दुसरेही नसते. दुरुस्ती म्हणजे दुसरे काय हो? संशयित वस्तू काढून तेथे चांगली, खात्रीची वस्तू बसवायची आणि दोष जातो का ते बघायचे. मात्र एका वेळी एकच बदल. रॅम बदलली, वायर बदलली, डिस्कही बदलली आणि मग यंत्र चालू झाले, तर दोष कशात होता हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. वर गिऱ्हाइकाच्या माथी तीन वस्तूंचा खर्च!

पेचकस हाती घेण्यापूर्वी तोंड उघडा. कालपर्यंत चालत होता का? मध्ये कोणी टेबल हलवले, वीज गेली, काही नवीन बसवले? या प्रश्नांत निम्मे काम होते. नंतर विजेच्या वाटेने चाला. भिंतीतले बटण, मग यूपीएस, मग पेटीच्या मागची वायर आणि तिच्याजवळचे छोटे बटण. झाडताना हे बटण बंद झाले आणि सगळी कचेरी हवालदिल झाली, असे नेहमी घडते. यूपीएसची बॅटरी साधारण दोनतीन वर्षांत दुबळी होते. वीज गेल्याबरोबर संगणकही जात असेल तर आधी तिच्यावर संशय घ्या.

पेटीत शिरल्यावर वीज प्रथम एसएमपीएसमध्ये जाते. तो भिंतीतल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून आत वाटतो. हा डबा कधीही उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्टचा साठा असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ टिकतो. डबा बिघडला तर अख्खा बदलायचा. जेथे धूर तेथे अग्नी, हे येथेही खरे आहे. पण तो शोधायला बोटे घालायची नाहीत.

पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळा? आधी मॉनिटरची वायर आणि त्याचे स्वतःचे बटण बघा. ते ठीक असेल तर रॅमची पट्टी काढून पुन्हा घट्ट बसवा. आमच्या दमट हवेत तिच्या सोनेरी कडांवर काट चढतो. तो मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसला आणि पट्टी बसवली की पुष्कळदा चित्र उमटते. मात्र त्यापूर्वी प्लग काढून ठेवा आणि पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावा, म्हणजे अंगातली स्थितिज वीज निघून जाईल. हिवाळ्यात, हवा कोरडी असताना, हे विशेष सांभाळावे.

एक गंमत सांगतो. "इंटरनेट चालत नाही" म्हणून बोलावणे येते आणि दोष असतो रुपयाएवढ्या बॅटरीत! मदरबोर्डवर ३ व्होल्टची गोल बॅटरी असते. संगणक बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. ती संपली की तारीख कितीतरी वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची मुदत ब्राउझर त्या तारखेशी ताडून पाहतो आणि जुळली नाही की दार बंद. तेव्हा नेटची वायर उपटण्यापूर्वी कोपऱ्यातले घड्याळ पाहा.

आता जिवाची गोष्ट. हार्डडिस्कमधून टक्टक् आवाज येऊ लागला, तर संगणक पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. आतल्या चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. वाचणारा काटा बिघडला असेल तर प्रत्येक फेऱ्याला नुकसान वाढते. आणि "फॉर्मॅट मारून टाकू" हे वाक्य तर पहिल्या वर्षी तोंडातून काढूच नका. यंत्र दुकानात मिळते. पतपेढीच्या दहा वर्षांच्या खातेनोंदी दुकानात मिळत नाहीत. आधी विचारा, बॅकअप आहे का? नसेल आणि डिस्क अजून वाचता येत असेल, तर प्रथम दुसऱ्या डिस्कवर नक्कल घ्या, मग दुरुस्ती. वाचताच येत नसेल तर मालकाला तसे स्पष्ट सांगा आणि जाणत्याकडे पाठवा. त्यात कमीपणा नाही.

मुंग्या, पाली आणि उंदीर हे खेड्यातल्या संगणकाचे नेहमीचे पाहुणे. हार्वर्डला १९४७ साली यंत्राच्या रिलेत पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला. आमच्याकडे वह्या पुरणार नाहीत. धूळ काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, वाऱ्याने भरधाव फिरू देऊ नका.

राहता राहिले अर्थिंग आणि पाऊस. पेटीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले, तर अर्थिंग तुटलेले आहे किंवा एप्रिल-मेमध्ये खड्ड्यातली माती वाळली आहे असे समजा. खड्ड्यात पाणी घाला आणि तरीही तसेच वाटले तर वायरमनला बोलवा. ताम्हिणीच्या बाजूला विजा कडाडू लागल्या की प्लग काढा आणि नेटची वायरही काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही. पुष्कळ मदरबोर्ड जळतात ते विजेच्या वायरीतून नव्हे, तर या दुसऱ्या वायरीतून आलेल्या झटक्याने.