चाक मोठे, टायर बुटका

डॉज चार्जर ही अमेरिकी मसल सेडान. तिच्या २०२३ पर्यंतच्या अनेक आवृत्त्यांवर २० इंची चाकांसाठी कंपनीचा टायर २४५/४५ आर २० मापाचा असे. २४५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ४५ ही त्या रुंदीच्या टक्केवारीत टायरच्या भिंतीची उंची आणि २० हा रिमचा इंचांतला व्यास. त्यावरून टायरसह चाकाचा एकूण व्यास सुमारे ७२८ मिमी येतो. हौशी मंडळी २२ इंची रिमवर बहुधा २६५/३५ टायर चढवतात. मग हा व्यास ७४४ मिमी होतो. फरक सुमारे सव्वादोन टक्क्यांचा. स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा वेग १०२ च्या आसपास असतो.

खरी अडचण बसवण्यात येते. चार्जरचे पाच बोल्ट ११५ मिमी व्यासाच्या वर्तुळावर असतात. बाजारातली बरीच पाच-बोल्टी चाके ११४.३ मिमीची. अंतर नगण्य वाटते, पण अशी चाके दामटून बसवणे धोक्याचेच. रिमच्या मधले भोक हबपेक्षा मोठे असेल, तर चाक नेमके मध्यावर येण्यासाठी कडी घालावी लागते. ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचे अंतर, चुकला, तर स्टिअरिंग पूर्ण वळवताना टायर फेंडरला किंवा आतल्या सस्पेन्शनला घासतो.

टायरची भिंत ११० मिमीवरून ९३ मिमीवर येते. खड्ड्याचा दणका मग थेट रिमला बसतो. मोठे चाक बहुधा जडही असते; ते फिरवायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो. दिसण्यासाठी केलेल्या या बदलात गाडीची चपळाई बहुधा घटतेच.