आत्याची कालवड आणि देवाची कृपा

नमस्कार मंडळी. आता ‘मंडळी’ म्हटलं की आम्हा ख्रिस्ती लोकांच्या कानाला ते वेगळं लागतं, कारण आमच्याकडे चर्चमध्ये जमणाऱ्या समुदायालाच मंडळी म्हणतात. तर ऐकणारी मंडळी आणि वाचणारी मंडळी, दोघांनाही नमस्कार. हा भाग मी काटेवाडीत, आमच्या घराच्या पडवीत बसून रेकॉर्ड केला होता. मागे पाणी भरायची मोटर आणि एक कोंबडा ऐकू येतो, त्याबद्दल माफी. लिहून काढताना वाक्यं थोडी नीट केली आहेत, पण बोलणं बोलण्यासारखंच ठेवलंय.

विषय आत्यामुळे निघाला. आत्याचं वय सत्तरीच्या पुढं, दोन्ही किडन्या निकामी, आठवड्यातून दोनदा बारामतीला डायलिसिस. नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली. गेल्या वर्षी बाहेरून एक उपदेशक आले, घरोघर प्रार्थना घेतल्या. त्यांनी आत्याला सांगितलं की आधी बी पेरावं लागतं, मग पीक येतं. म्हणजे आधी देवाला द्या, मग बरं होणं मिळेल. आत्यानं कालवड विकली आणि पैसे दिले. पुढं त्यांनी सांगितलं, सुईवर विश्वास ठेवता की प्रभूवर? आत्यानं डायलिसिसच्या दोन पाळ्या चुकवल्या. तिसऱ्या दिवशी श्वास लागला, पाय सुजून खांबासारखे झाले, रात्री गाडी करून न्यावं लागलं.

वाचली. पण दवाखान्यातून घरी आल्यावर तिनं मला जे विचारलं ते अजून डोक्यातून जात नाही. म्हणाली, “बाळा, माझा विश्वास नेमका कुठं कमी पडला रं?”

म्हणजे बघा, कालवड गेली, जीव जाता जाता राहिला, आणि वर दोषही तिचाच. आजचा भाग त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचा प्रयत्न आहे.

ही ‘बी पेरण्याची’ शिकवण काही बायबलइतकी जुनी नाही. विसाव्या शतकात अमेरिकेत ती आकाराला आली. ओरल रॉबर्ट्स नावाच्या प्रचारकानं दान म्हणजे बियाणं ही कल्पना रेडिओ-टीव्हीवरून घरोघर नेली. तिला समृद्धीची शिकवण म्हणतात. सांगणं साधं आहे: देवाची इच्छा तुम्ही निरोगी आणि संपन्न असावं अशीच आहे. विश्वास धरा, तोंडानं बोला, दान द्या, मिळेल. नाही मिळालं तर विश्वास कमी. यात एक सोय आहे, सांगणारा कधीच खोटा ठरत नाही.

बरं, ही माणसं वचनं दाखवतातच की. अनुवादाच्या २८ व्या अध्यायात आज्ञा पाळल्यास टोपलीपासून कणकीच्या परातीपर्यंत सगळ्यावर आशीर्वाद सांगितलाय. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात दशमांश भांडारात आणा, मग आकाशाची खिडकी उघडते की नाही बघा, असा अर्थ आहे. पौल करिंथकरांना लिहितो की हात राखून पेरणाऱ्याचं पीकही तसंच येईल. मग चूक काय?

चूक अशी की पान पुढं-मागं उलटत नाहीत. मलाखीचा तोच अध्याय घ्या. दशमांशाच्या जेमतेम पाच ओळी आधी देव कुणाविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहतो? मजुराची मजुरी बुडवणारे, विधवेला आणि अनाथाला नाडणारे यांच्याविरुद्ध. आणि अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात दर तीन वर्षांचा दशमांश कुणासाठी बाजूला काढायचा ते दिलंय: लेवी, परका, अनाथ आणि विधवा. थोडक्यात, त्या भांडारातून आत्यासारख्या बाईला मिळायचं होतं. तोच अध्याय दाखवून तिच्याच गोठ्यातली कालवड नेली! पौलाचं पेरणीचं बोलणंसुद्धा यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करताना केलेलं आहे, उपदेशकाच्या गाडीसाठी नाही.

आता अनुवाद २८. तिथला आशीर्वाद एका सबंध राष्ट्राशी केलेल्या कराराचा भाग आहे. एकेका माणसाचं बँक पासबुक बघून त्याची आज्ञाधारकता ठरवायची, असं तिथं नाही. आणि कुणी तसं ठरवू नये म्हणून की काय, त्याच बायबलात ईयोबाचं अख्खं पुस्तक बसवलंय. ईयोब नीतिमान. गुरं गेली, मुलं गेली, अंगभर फोड आले. तीन मित्र समाचाराला आले. पहिले सात दिवस ते गप्प बसले, आणि माझ्या मते त्यांनी केलेलं चांगलं काम तेवढंच. मग तोंड उघडलं आणि एकच धोशा लावला: तू काहीतरी केलं असशील. शेवटच्या अध्यायात देव रागावतो तो या मित्रांवर. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांनाच देव सांगतो की तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशू दोन्ही नाकारतो.

आपल्याकडं हे समजायला अवघड का जातं, तर आपल्या बोलण्यातच ‘भोग’ आहे. ‘गेल्या जन्मीचं काहीतरी असंल’ हे वाक्य आपण येता-जाता टाकतो. चार पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेल्या घरातसुद्धा ते गेलेलं नाही, फक्त ‘गेला जन्म’ जाऊन तिथं ‘कमी विश्वास’ आलाय.

मला हे सगळ्यात चांगलं आमच्या कालव्यानं शिकवलं. नीरा डावा कालवा. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला, त्यानंतर १८८० च्या दशकात हा कालवा झाला. कालव्याखाली आलं ते बागायत: ऊस, भवानीनगरचा छत्रपती कारखाना, बंगले. जिथं पाणी चढलं नाही ते जिरायत: सुपे, मोरगाव, उंडवडीकडचा भाग, जिथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसावं लागायचं. आता मला सांगा, कालव्याखालची माणसं जास्त देवभक्त होती का? कालवा जमिनीचा उतार बघून काढला होता, कुणाची भक्ती बघून नाही.

आणि इथं मला माझंच एक सांगायचंय. आमच्याकडं उपासनेत साक्ष देतात, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. काही वर्षांपूर्वी ठिबकचं काम झालं, ऊस चांगला पडला, मी उभा राहिलो आणि म्हणालो की आम्ही दशमांश कधी चुकवला नाही म्हणून प्रभूनं हे दिलं. सगळे ‘आमेन’ म्हणाले. तिसऱ्या ओळीत आत्या बसली होती. त्याच उन्हाळ्यात तिचं बोअर आटलं होतं. तिनं काय ऐकलं असेल? उपदेशकानं पीक काढलं हे खरं, पण जमीन आम्हीच नांगरून ठेवली होती.

मग कृपा म्हणजे काय? मराठी बायबलात ‘कृपा’ आणि ‘अनुग्रह’ असे शब्द येतात. रोमकरांच्या चौथ्या अध्यायात पौल अगदी मजुरीच्या भाषेत सांगतो: काम करणाऱ्याला जे मिळतं ती मेहेरबानी नव्हे, ते त्याचं येणं. कृपा म्हणजे जे येणं नव्हतं ते मिळणं. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात येशूनं यावर गोष्टच सांगितली आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर आणतो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटी दिवस मावळायला तास राहिला असताना. सगळ्यांना रोज सारखाच देतो. सकाळपासून राबलेले चिडतात. आमच्याकडं खुरपणीच्या बायांना ही गोष्ट सांगून बघा, त्याही चिडतात, आणि त्यांचं चुकत नाही. मालक मात्र म्हणतो, तुमचं ठरलेलं तर मी बुडवलेलं नाही ना? शेवटच्या तासाला आलेल्याच्या घरीही संध्याकाळी चूल पेटायची असते.

यावर एक रास्त शंका येते, सगळं फुकट असेल तर आज्ञा कशाला पाळायच्या? इथं क्रम महत्त्वाचा आहे. इस्राएल लोक मिसरातून आधी सुटले, दहा आज्ञा सीनाय पर्वतावर नंतर मिळाल्या. आज्ञा पाळल्या म्हणून सुटका झाली, असं नाही झालं. इफिसकरांच्या दुसऱ्या अध्यायातही तोच क्रम: तारण कृपेनं, आणि लगेच पुढं, सत्कर्मं करण्यासाठी. याकोब तर कामाशिवायच्या विश्वासाला मेलेला म्हणतो. आज्ञापालन ही किंमत नाही, पण ते ऐच्छिकही नाही. आईनं वाढवलं म्हणून मूल तिला म्हातारपणी बघतं, ते काही बिल फेडत नसतं.

हे पुस्तकातलं झालं. माणसांतलं बघायचं तर लांब जायची गरज नाही. बारामतीहून पाटसमार्गे चौफुल्याकडं निघालं की केडगाव येतं, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. रमाबाईंचं आयुष्य समृद्धीच्या शिकवणीत बसवून दाखवा, मी पॉडकास्ट बंद करतो. आईवडील दुष्काळातल्या उपासमारीनं गेले, मग भाऊ, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत १८८२ मध्ये पती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. आणि पुढं स्वतःच लिहिलं की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायला आणखी आठ वर्षं गेली. मला ही कबुली फार मोठी वाटते. एवढी विद्वान बाई, सगळं नीट पाळणारी, आणि म्हणते की कृपा मला उशिरा कळली.

कळल्यावर काय केलं? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो उपाशी मुली आणल्या, १९०० मध्ये गुजरातेतून आणखी. केडगावात वस्ती उभी राहिली. तिथं शेती, विणकाम, छापखाना होता, आणि अंध मुलींना ब्रेल शिकवलं जायचं. समाजानं टाकलेल्या बायकांसाठी वेगळं घर केलं, त्याचं नाव काय ठेवलं? कृपासदन. ज्या बाईला कुठंच काही ‘येणं’ नव्हतं तिच्यासाठी त्या नावाचं घर. आणि लक्षात घ्या, त्या दुष्काळातल्या पोरींना रमाबाईंनी ‘सोसा, देव परीक्षा बघतोय’ असं सांगितलं नाही. खायला घातलं, शिकवलं. दुःखाला गोड म्हणण्याची दुसरी टोकाची शिकवण आपल्याकडं आहेच. मार खाणाऱ्या सुनेला ‘तुझा वधस्तंभ वाहा’ म्हणून परत पाठवणारे मी पाहिलेत. तीही कृपा नव्हे.

रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा. संस्था तीच पुढं चालवणार असं सगळे धरून होते. १९२१ मध्ये ती गेली. आईनं तोवर बायबलचं मराठी भाषांतर हातात घेतलेलं होतं, ते पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला स्वतः गेल्या. विश्वास कमी पडला म्हणून मुलगी गेली, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

दुसरं नाव नारायण वामन टिळकांचं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, आणि १९१७ मध्ये मिशनची पगाराची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’. म्हणजे आज्ञा पाळली आणि पगार गेला, उलटाच हिशोब. अर्थात टिळकांचं दातृत्व आणि घरातली ओढाताण यांची दुसरी बाजू लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचावी. गरिबी आपोआप पवित्र होत नाही, चूल सांभाळणाऱ्या बाईला विचारा.

आणि हो, भौतिक आशीर्वाद मागणं वाईट, असं माझं म्हणणं नाही. दरवर्षी तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडीत येते. परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचं रिंगण होतं. मी ख्रिस्ती असलो तरी लहानपणापासून ते बघायला जातो. कळपाला रोगराई होऊ नये, ही मेंढपाळाची इच्छा मला कधी क्षुद्र वाटली नाही. येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेतही रोजची भाकर आहेच. मागावं. पौलानंही मागितलं, शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा. काटा निघाला नाही. उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरेल. पौलाचा विश्वास कमी होता?

सुईवर की प्रभूवर, हा प्रश्नच मुळात खोटा. मिरजेला डॉ. वान्लेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय काढलं ते प्रभूवर विश्वास होता म्हणूनच.

तर आत्याला मी काय सांगितलं? एवढं सगळं नाही सांगितलं. ती दमते. म्हणालो, “आत्या, तुझा विश्वास कुठंच कमी पडला नाही. त्या माणसानं तुला खोटं सांगितलं, आणि त्याआधी मीपण सांगितलं होतं, त्या साक्षीत.” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “कालवड गाभण होती रं.”

पुढच्या रविवारी मी उपासनेत उभा राहिलो आणि जुनी साक्ष परत घेतली. ‘आमेन’ दोघा-तिघांनीच म्हटलं. आता सोमवारी आणि गुरुवारी तिला बारामतीला मी नेतो. दिवसाला किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलंय, एक तांब्या. कालव्याकडेच्या रस्त्यानं गाडी जाते, आणि आवर्तन सुटलेलं असलं की ती काच खाली करायला लावते.