आईकडून येणारा वारसा आणि श्रवणशक्ती

शरीरातील पेशींना लागणारी बहुतांश ऊर्जा तंतुकणिका, अर्थात मायटोकॉन्ड्रिया, निर्माण करतात. त्यांना स्वतःचा डीएनए असतो. त्यात ३७ जनुके असून तो अपत्यास मातेकडून मिळतो.

या डीएनएच्या १५५५ व्या स्थानावरील एक दोष १९९३ साली शास्त्रज्ञांनी ओळखला. या दोषामुळे तंतुकणिकांतील प्रथिने घडविणारी रचना जीवाणूंमधील रचनेसारखी होते. परिणामी जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन ही जीवाणूंवरील औषधे कानातील नाजूक पेशींवरही आघात करतात व योग्य मात्रेतही कायमचा बहिरेपणा येऊ शकतो.

गंभीर जंतुसंसर्गात हीच औषधे प्राण वाचवितात. म्हणून ती त्याज्य नव्हेत. मात्र आई, आजी, मामा, मावशी किंवा भावंडे यांपैकी कोणास इंजेक्शनानंतर बहिरेपणा आला असल्यास उपचारापूर्वीच डॉक्टरांना सांगावे, अशी आम्ही नातेवाइकांना आग्रहाची विनंती करतो. रक्ताच्या जनुकीय तपासणीने हा दोष ओळखता येतो आणि शक्य तेथे पर्यायी औषध निवडता येते.

हा वारसा मातेकडून येत असला, तरी त्यात तिचा यत्किंचितही अपराध नाही, हेही आम्ही आवर्जून नमूद करतो.