आधी डाग वाचा, मग पाणी मारा

मुंबईच्या फोर्ट भागात हॉर्निमन सर्कलच्या कमानींखालून जाताना, किंवा कामानिमित्त बॅलार्ड इस्टेटमध्ये गेल्यावर, एकदा मान वर करून पाहा. कुठं काळे ओघळ, कुठं तांबूस पट्टे, कुठं पांढरा खार आणि जिन्याच्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या. पेढ्या, दुकानं, वकिलांच्या कचेऱ्या यांनी गजबजलेल्या जुन्या इमारतींत भाड्याकडं सगळ्यांचं लक्ष असतं. भिंतीकडं मात्र कुणाचंच नसतं. मग वीस-पंचवीस वर्षांनी एकदा सगळ्यांना जाग येते आणि जोराच्या पाण्याचं यंत्र घेऊन कंत्राटदार दारात उभा राहतो. म्हणतो, "साहेब, दोन दिवसांत नवी करून देतो!" मला आज या दोन दिवसांविषयीच बोलायचं आहे.

मी कविता लिहिणारा माणूस. पण पोटासाठी पंचवीस वर्षं अशाच एका इमारतीत हिशेबाच्या वह्या लिहिल्या. त्या काळात तिची दर्शनी भिंत दोनदा धुतली गेली. पहिल्या खेपेला डाग निघाले, पण त्यांच्याबरोबर खिडक्यांवरच्या कोरीव पानांच्या कडाही निघाल्या. दुसऱ्या खेपेला एका जाणत्या वास्तुविशारद बाईंनी काम हाती घेतलं. त्यांनी पहिले चार दिवस पाण्याचा थेंबही वापरला नाही. त्या नुसत्या भिंत पाहत होत्या. मी जेवणाच्या सुट्टीत खाली उतरून त्यांना प्रश्न विचारायचो. आज सांगतोय त्यातलं बरंचसं तेव्हाचं आहे.

आधी दाबाचा हिशेब पाहू. मोटारीच्या चाकात साधारण ३० पीएसआय दाबाची हवा असते. धुलाईच्या व्यावसायिक यंत्रातून पाणी सुटतं ते २,००० ते ३,००० पीएसआयनं. सिमेंटच्या फरसबंदीला हा मारा सोसतो. जुन्या दगडाला सोसत नाही. तिथं १०० पीएसआयच्या आसपास सुरुवात करायची आणि ४००च्या पुढं सहसा जायचं नाही. नोझलही पाण्याचा पंखा पसरवणारं हवं, ४० अंशांचं; त्याची खूण पांढरा रंग. लाल खुणेचं शून्य अंशाचं नोझल म्हणजे पाण्याची सुरीच. ते भिंतीच्या जवळपासही नको.

पण दगड म्हणजे तरी कुठला? मुंबईच्या जुन्या इमारतींत काळा बसाल्ट असतो, मालाडचा आणि कुर्ल्याचा पिवळसर दगड असतो आणि बारीक नक्षीसाठी पुष्कळदा पोरबंदरचा दगड असतो. हा पोरबंदरी दगड जातीनं चुनखडीचा. त्याच्यावर ॲसिड पडलं की तो फसफसतो आणि विरघळतो. बसाल्ट धुतलेलं ॲसिड ओघळून खालच्या पोरबंदरी नक्षीवर आलं की तिचं काम संपलं. दगडांमधल्या चुन्याच्या दरजांनाही हाच धोका. म्हणून कोणतंही औषध आधी आडोशाच्या वीतभर जागेवर लावून, ती जागा पूर्ण वाळू द्यावी आणि मगच निर्णय घ्यावा.

आता डागांकडं वळू. काळा डाग दोन प्रकारचा असतो आणि त्यांतला फरक पाऊस सांगतो. पाणी ओघळतं त्याच वाटेनं काळे पट्टे असतील, तर ते बहुधा शेवाळ. पावसाळ्यात हिरवं, उन्हाळ्यात वाळून काळं. उलट, सज्जाखाली किंवा नक्षीच्या खाचांत, जिथं पावसाचं पाणी पोचतच नाही, तिथं चुनखडीच्या दगडावर काळी पापडी धरते. हवेतला गंधकाचा धूर आणि ओल यांनी दगडाच्या वरच्या थराचं जिप्सम होतं आणि त्यात काजळी अडकते. म्हणजे ती पापडी दगडावर बसलेली धूळ नसून दगडाचाच बदललेला थर असतो. ती जोरानं उडवली की खालचा भुसभुशीत दगडही जातो. तिच्यावर पाण्याचा बारीक फवारा बराच वेळ सोडून ती मऊ करावी लागते, किंवा कमी दाबाची वाफ वापरावी लागते.

शेवाळाला नायलॉनचा ब्रश, शेवाळनाशक औषध आणि थोडा धीर पुरतो. औषध मुरू द्यायचं, मग हलक्या दाबानं धुवायचं. तारेचा ब्रश नको. त्याचे लोखंडी कण दगडात अडकतात आणि पुढच्या पावसात तेच गंजून नवे तांबूस ठिपके उमटवतात.

पांढरा खार पाहिला की लोक आधी पाणी मारतात. पण खार म्हणजे भिंतीच्या पोटातून पाण्याबरोबर बाहेर आलेलं मीठ. धुतलं की ते विरघळून पुन्हा आत जातं आणि भिंत वाळली की परत फुटतं. तो कोरड्या ब्रशनं झाडायचा, गोळा करायचा आणि ओल कुठून येते ते शोधायचं. बहुतेकदा फुटका नळ किंवा तुंबलेली पन्हळ सापडते.

पानाच्या डागाचं दुखणं चिवट. कात आणि चुना मिळून झालेला तो रंग दगडाच्या छिद्रांत मुरतो. यंत्राचा जोर वाढवून तो निघत नाही. तिथं लेप लावतात. मुलतानी मातीत हायड्रोजन पेरॉक्साइड कालवून लावायचं आणि सुकल्यावर लाकडी पट्टीनं काढायचं. असं तीन-चार वेळा केलं की डाग फिका होतो; जुना असेल तर पूर्ण जाईलच असं नाही. तेलकट डागाला गरम पाणी आणि साबण. कबुतरांची विष्ठा मात्र कोरडी खरवडू नये. तिची धूळ फुप्फुसात गेली तर आजार होतात. आधी भिजवावी, तोंडाला मास्क बांधावा, मग काढावी.

सर्वांत महत्त्वाचा डाग गंजाचा. पाटीच्या खिळ्यावरून तो उतरला असेल तर खिळा बदला आणि डागाचा इलाज दगड पाहून करा. ऑक्झॅलिक ॲसिड बसाल्टला चालतं, पोरबंदरीला नाही. पण सिमेंट काँक्रीटच्या इमारतीत, तड्याच्या रेषेवर किंवा तुळईखाली तांबूस डाग दिसला तर यंत्र बंद करा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. आतली सळई गंजत असते. गंज फुगतो आणि काँक्रीट फोडतो. असा डाग धुऊन टाकणं म्हणजे पुरावा पुसणं. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्यानं बंधनकारक आहे, ती उगाच नाही. इमारत वारसा यादीत असेल, तर दर्शनी भागाला हात लावण्याआधी महापालिकेकडं विचारणा करणंही आवश्यक आहे.

आता क्रम. धुण्याआधी फटी बुजवा, विजेच्या पेट्या आणि एसीची यंत्रं झाका, त्या बाजूचा वीजपुरवठा बंद करा. भिंत आधी साध्या पाण्यानं भिजवा, म्हणजे औषध खोल शोषलं जात नाही. साबण किंवा औषध खालून वर लावत जा आणि धुताना वरून खाली या. नाहीतर कोरड्या भागावर नवे ओघळ उमटतात. काम पावसाळा संपल्यावर, थंडीत काढा. भिंतीला वाळायला वेळ मिळतो.

आणि झुल्यावर लटकलेल्या माणसाचा विचार करा. जोराची धार हातावर लागली तर कातडीखाली पाणी घुसतं. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण ताबडतोब रुग्णालयात न्यावी लागते. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो. तो जीवघेणा आहे. सुरक्षापट्टा, चष्मा, हातमोजे आणि बूट यांचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा लिहून घ्या. तो लिहायला नकार देणाऱ्याला काम देऊ नका.

कंत्राटदाराला तीन प्रश्न विचारा: कुठला डाग कशानं काढणार, दाब किती ठेवणार आणि नमुन्याची जागा कधी दाखवणार? सगळ्या डागांना एकच औषध सांगितलं तर त्याला चहा पाजून निरोप द्या. काम झाल्यावर भिंतीचे फोटो तारखेसह ठेवा. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी ओघळ परत आला, तर यंत्रवाल्याला न बोलावता प्लंबरला बोलवा.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)