किट घातले होते, मग सिस्टरला कोरोना झालाच कसा?

साथीच्या काळात आमच्या किनाऱ्यावरच्या गावांत हा प्रश्न आम्हाला सतत ऐकावा लागला. त्यात काळजी कमी, संशय जास्त असे. ड्युटीवरून आलेल्या आमच्या काही भगिनींना सार्वजनिक नळावर थांबवले गेले. पाण्यापाशी अडवणे म्हणजे काय, हे महाडच्या जिल्ह्याला सांगायला नको. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेऊ या.

एप्रिल 2020 मध्ये मुंबई सेंट्रलच्या वोक्हार्ट रुग्णालयात 26 परिचारिका आणि 3 डॉक्टर बाधित आढळले, रुग्णालय सील झाले. तेव्हापासून एक गोष्ट स्पष्ट आहे, नुसते किट अंगावर असून भागत नाही.

कोरोना श्वासातून पसरतो. एन-95 मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगी, कडेने हवा शिरली तर नाही. आपल्याकडच्या दमट हवेत किटच्या आत घामाची धार लागते. भिजलेला मास्क बदललाच पाहिजे. जून 2020 मध्ये निसर्ग वादळाने वीज गेली, तेव्हा पंख्याविना किट घालून काम करणे काय असते ते आम्ही जाणतो.

खरा धोका किट काढताना असतो, कारण बाहेरची बाजू दूषित असते. आधी गाऊन व हातमोजे, मग हात धुणे, नंतर चष्मा किंवा फेसशील्ड, आणि खोलीबाहेर आल्यावर सर्वांत शेवटी मास्क, तोही मागच्या पट्ट्या धरून. पुन्हा हात धुवायचे. बारा तासांच्या ड्युटीनंतर थकलेला हात इथेच चुकतो. ड्युटीरूममध्ये मास्क उतरवून एकत्र चहा घेतानाही लागण होते.

ब्रिटन आणि अमेरिकेतील सुमारे 20 लाख लोकांचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. तेच किट पुन्हा वापरावे लागलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांत लागण जास्त आढळली. म्हणजे हा दोष बहुधा निष्काळजीपणाचा नसून तुटवड्याचा असतो.

तुटवडा मात्र सर्वांना सारखा नसतो. त्याच वॉर्डातील चादरी, भांडी, पिवळ्या पिशव्या उचलणारे सफाई कामगार, आया, वॉर्डबॉय बहुतेक कंत्राटी. त्यांत आपले भाऊबंद किती, हे आपण जाणतो. केंद्राच्या 50 लाखांच्या विम्यात सफाई कामगार आणि कंत्राटी कर्मचारी धरले होते. पण आम्ही काम केलेल्या एका ठिकाणी त्यांना कापडी मास्क देऊन उभे केले होते. मेल्यावर मोजायचे आणि जिवंतपणी विसरायचे, हे आम्हाला मान्य नाही.

क्षयरोगाच्या वॉर्डातही हाच प्रश्न आजही आहे. म्हणून आपल्या कामगारांनी मापाचा मास्क, जाड हातमोजे, बूट आणि किट काढण्याचे प्रशिक्षण लेखी मागावे. अर्जाची पोच जपून ठेवावी. आणि शेजारची सिस्टर किंवा सफाईवाला भाऊ आजारी पडला, तर त्याच्या दारात पाण्याचा हंडा नेऊन ठेवावा.